रंध्यासाठी वेगळी हातोडी कशाला?

दहावीचा निकाल लागला की आमच्या चिंचणीतल्या घरांमध्ये एक चर्चा ठरलेली असते. मुलाला अकरावीला घालायचं की आयटीआयला? तारापूर एमआयडीसी जवळ असल्यामुळे आयटीआय म्हटलं की फिटर आणि इलेक्ट्रिशियन ही दोन नावं आधी निघतात. सुतारकामाचं नाव अगदी शेवटी, आणि तेही बहुधा अशा घरात, जिथे आजोबा किंवा चाचा सुतारकाम करायचे आणि त्यांची हत्यारांची पेटी अजून माळ्यावर पडलेली आहे. मग एखाद्या शुक्रवारी, नमाज आणि जेवण उरकल्यावर, ती पेटी खाली उतरते. करवतीला गंज, पटाशीच्या मुठी सैल, आणि तळाशी जाड कापडात गुंडाळलेला लाकडी रंधा.

शिक्षकाला सगळंच कळतं असा लोकांचा समज असतो, त्यामुळे अशा पेट्या पाहायला आम्हालाही बोलावणं येतं. आजवर ज्या पाहिल्या, त्यांतले रंधे जवळजवळ एकाच रीतीने बिघडलेले होते. तळ बऱ्यापैकी सपाट, पात्यात अजून बोटभर पोलाद शिल्लक. पण पात्याचं वरचं टोक ठोकून ठोकून अळंबीसारखं फुललेलं, पाचरीचं डोकं चिरलेलं, रंध्याच्या मागच्या अंगावर अर्धचंद्रासारख्या खोल खुणा. एकाचा तर गालच तडकलेला होता. लाकूड तासताना यातलं काहीही होत नाही. हे नुकसान होतं ते रंधा लावताना, म्हणजे पातं पुढे-मागे करताना, आणि ते करते खिळे ठोकायची अर्ध्या किलोची हातोडी. वापरून झिजलेला रंधा आम्हाला क्वचितच दिसला; चुकीच्या हातोडीने मार खाल्लेले मात्र बरेच दिसले.

"जुना झालाय, भंगारात देऊन टाकू," असं घरातले म्हणतात. भंगारवाला पात्याचं लोखंड तोलून घेईल आणि लाकूड चुलीत जाईल. म्हणून या लेखात फक्त एका लहानशा हत्याराबद्दल लिहायचं ठरवलं आहे. हातोडी नीट निवडली तर माळ्यावरचा रंधा पुन्हा चालतो, आणि शिकणाऱ्या मुलाचा हात पहिल्या महिन्यातच निराश होत नाही.

आधी रंध्याची रचना पाहू. लाकडी रंधा म्हणजे घट्ट लाकडाचा ठोकळा. त्यात तिरकी खाच, खाचेत पातं आणि पात्याला दाबून धरणारी लाकडी पाचर. खाली तळाला अरुंद तोंड असतं, त्यातून पात्याची धार अगदी जराशी बाहेर डोकावते. जरा म्हणजे किती? वहीचा एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. बारीक कामात धार त्याच्या निम्म्याने बाहेर ठेवतात. एवढं अंतर डोळ्याला काळ्या रेघेसारखं दिसतं: रंधा उलटा करून, उजेडाकडे धरून, तळावरून नजर टाकायची. रेघ एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असेल तर पातं तिरकं बसलं आहे.

आता हे पातं कागदाच्या निम्म्या जाडीने पुढे न्यायचं आहे. स्क्रू नाही, चाक नाही. एकच उपाय, टिचकीएवढा ठोका. पात्याच्या वरच्या टोकावर ठोका दिला की धार खाली उतरते. कडेवर दिला की ती सरळ होते. आणि मागे घ्यायची असेल तर पात्याला हातही लावायचा नाही. रंध्याच्या मागच्या टोकावर ठोका द्यायचा. मुलांना याचं फार नवल वाटतं: मारलं ठोकळ्याला आणि हललं पातं! नवल काही नाही. कोयत्याची मूठ सैल झाली की आपण मुठीचं बूड दगडावर आपटतो. मूठ जागीच थांबते, पण जड पातं वेगात असल्यामुळे पुढे सरकून मुठीत बसतं. इथे उलटं घडतं. ठोक्याने ठोकळा चटकन पुढे सरकतो, लोखंडी पातं आपल्या जडपणामुळे जागीच राहू पाहतं, म्हणून ते ठोकळ्याच्या मानाने मागे पडतं आणि पाचरही ढिली होते. नववीच्या विज्ञानात जडत्वाचा नियम शिकवताना फळ्यावरच्या आकृतीऐवजी एक रंधा वर्गात नेला तर तास सार्थकी लागेल, असं आमचं मत आहे.

यावरूनच हातोडीचं वजन ठरतं. पाचशे ग्रॅमच्या हातोडीने कितीही जपून ठोका दिला तरी पातं एकदम कागदाच्या तीन-चार जाड्यांइतकं उतरतं. मग ते मागे घ्यायला मागून जोरात मारायचं, पाचर निघून येते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुलगा अर्धा तास हेच करत बसतो आणि शेवटी म्हणतो, हा रंधाच खराब आहे. लहान आणि मध्यम रंध्याला शंभर ते दीडशे ग्रॅमची हातोडी पुरते. लांब, जड रंधा असेल तर दोनशेपर्यंत जावं. त्याहून हलकी घेतली तर ठोका नुसता वाजतो, पातं हलत नाही, आणि मग माणूस हाताचा जोर वाढवतो, तेही वाईटच.

वजनानंतर हातोडीचं तोंड, म्हणजे ज्या बाजूने ठोका बसतो ती बाजू. बाजारातल्या साध्या हातोडीचं तोंड पाणी दिलेल्या पोलादाचं असतं. पात्याचं टोक त्याखाली फुलतं, कडा बाहेर येतात आणि त्या हाताला कापतात. मोठा धोका डोळ्याला. कडक पोलादावर कडक पोलाद आपटलं तर बारीक कपची उडू शकते, आणि रंधा लावताना तोंड नेमकं जवळ नेलेलं असतं. म्हणून पात्यावर मारायला पितळेचं तोंड हवं. पितळ पोलादापेक्षा मऊ. मार ते स्वतः खातं, पातं शाबूत राहतं. रंध्याच्या लाकडावर आणि पाचरीवर मात्र पितळही नको, तिथे लाकडाचंच तोंड चांगलं. एका बाजूला पितळ आणि दुसऱ्या बाजूला लाकूड असलेली लहान हातोडी परदेशात खास रंध्यासाठी म्हणून विकली जाते, आणि तिची किंमत पाहून आपल्याकडचा सुतार हसेल. आपल्याला ती विकत घ्यायची गरज नाही.

चिंचणीत तर मुळीच नाही. आमच्या भागात दागिन्यांचे साचे कोरण्याचा, म्हणजे डायमेकिंगचा, धंदा जुना आहे. धातूच्या ठोकळ्यावर बारीक छन्नीने नक्षी कोरणारा माणूस दिवसभर हलक्या हातोडीनेच काम करतो. जोर मनगटाचाही नाही, बोटांचा. सुतारकाम शिकणाऱ्या मुलाला एक दुपार अशा कारागिराशेजारी नुसतं बसवावं. हातोडी शेवटाला कशी सैल धरायची, ठोका पडल्यावर ती आपोआप कशी उसळू द्यायची, हे पुस्तकात सापडत नाही. सोनाराच्या आणि घड्याळजीच्या हत्यारांच्या दुकानात लहान पितळी हातोड्याही मिळतात. घड्याळजीची मात्र फार हलकी पडते. घेताना वजन विचारावं, दुकानात काटा असतोच.

करवून घ्यायची असेल तर बोईसरला लेथवर काम करणारे कुणीतरी ओळखीचे निघतातच. २५ मिलिमीटर व्यासाच्या गोल पितळी कांबीचा ३५ मिलिमीटर लांब तुकडा सुमारे १४५ ग्रॅम भरतो. दांड्यासाठी मधोमध आरपार छिद्र पाडलं की १३० च्या आसपास राहतो. एका तोंडाला १८ मिलिमीटर व्यासाचा आणि १२ मिलिमीटर खोल खळगा करून त्यात लाकडाची गुळी बसवली की दोन्ही कामं एकाच हातोडीत झाली. पितळी तोंडाची कड किंचित गोलसर करून घ्यावी, नाहीतर ठोका तिरका पडला की खूण उमटते.

गुळीसाठी लाकूड कुठलं? आमच्या गावाच्या नावातच चिंच आहे. चिंचेचं लाकूड घट्ट आणि चिवट, ते सहजी चिरत नाही. मोगरी करायला ते जुन्या काळापासून वापरतात. बकरी ईदच्या आधी खाटकाच्या ठोकळ्यासाठी आपण चिंचेचाच ओंडका शोधतो, त्याचं कारण हेच. सुऱ्याचे घाव सोसणारं लाकूड हातोडीच्या तोंडाला सहज चालतं. गुळी कापताना लाकडाचे उभे तंतू ठोक्याच्या दिशेने राहतील अशी कापावी. दुसरं लाकूड चिकूचं. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते फळासाठी, पण छाटणीत निघालेल्या जुन्या फांद्यांचं लाकूडही चांगलं जड आणि कडक असतं. सरपणात टाकण्याआधी वीतभर तुकडा बाजूला काढावा, दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावून सावलीत काही महिने वाळवावा. ओलं लाकूड घाईने वापरलं तर गुळी आकसून गळून पडते. दांडा २० ते २५ सेंटिमीटर पुरे. लांब दांड्याने हात नकळत मोठा फिरतो.

लोखंडी रंध्याबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत, कारण आज दुकानात तोच पुढे केला जातो. त्यात पातं पुढे-मागे करायला पितळी चाक आणि सरळ करायला मागे लहान दांडी असते. यातली चाकाची रचना अमेरिकेतल्या लिओनार्ड बेली याची. १८६९ मध्ये स्टॅन्ले कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि ती जगभर पसरली. नवशिक्याला ती सोयीची आहे यात शंका नाही. पण स्वस्त रंध्यात चाकाला बराच ढिलेपणा असतो, दांडी अडकते, आणि मग पात्याच्या कडेवर हलका पितळी ठोका हाच नेमका उपाय ठरतो. फक्त त्याच्या अंगावर कधी मारू नये. ते बीडाचं असतं, आणि बीड वाकत नाही, तडकतं. लाकडी रंध्याची सवय असलेला माणूस हातच्या सवयीने मागून ठोका देतो आणि रंधा कायमचा जातो. दुसरीकडे जपानचे सुतार आजही चाकाशिवायचा लाकडी रंधा हातोडीने लावतात आणि त्यातून आरपार दिसेल इतकं पातळ सालपट काढतात. म्हणजे कमीपणा लाकडी रंध्यात नाही.

एवढ्याशा गोष्टीसाठी इतका बारकावा कशाला, असं एखाद्या वाचक भगिनीच्या मनात आलं असेल. आपल्या दीनमध्ये हुन्नराला जी जागा आहे ती आपण लग्नाच्या बाजारात विसरतो, हे आधी सांगायला हवं. मुलगा सुतार आहे म्हटलं की स्थळ एक पायरी खाली धरलं जातं. हजरत जकरिया (अ.) सुतार होते, असं सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये आहे. हजरत नूह (अ.) यांची नौका फळ्या आणि खिळ्यांची होती, असा उल्लेख सूरह कमरमध्ये येतो. मस्जिदे नबवीतला मिंबर एका अन्सारी महिलेच्या सुतारकाम जाणणाऱ्या गुलामाने झाऊच्या लाकडाचा घडवला, हे सहीह बुखारीत आहे. आणि बारकाव्याबद्दल विचाराल तर हजरत दाऊद (अ.) यांची आठवण काढावी. त्यांच्यासाठी लोखंड मऊ करण्यात आलं, त्यांना चिलखतं बनवायला सांगितलं गेलं, आणि त्याच जागी, सूरह सबामध्ये, कड्यांचं माप नीट राखण्याची सूचनाही आहे. लोखंड मऊ झालं म्हणून माप सैल चालेल, असं तिथे नाही.

आमच्या किनाऱ्याला लाकूडकाम नवं नाही. चिंचणीत १९५५ मध्ये जुने ताम्रपट सापडले. त्यांतल्या शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ च्या ताम्रपटात राष्ट्रकूट राजाने संजाणच्या कारभारावर नेमलेल्या एका अरब अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. मधुमती हे त्याचं नाव म्हणजे मुहम्मदचंच रूप, असं अभ्यासक मानतात. त्याने लोकांसाठी ओढ्यांवर फुकट तरी सुरू केल्या आणि अन्नछत्र घातलं, असं त्यात कोरलेलं आहे. तरी म्हणजे पाणी ओलांडायची नाव. ती नाव कुणीतरी तासली असेलच. त्याचं नाव अर्थात ताम्रपटात नाही. आता मासेमारीच्या होड्याही फायबरच्या झाल्या, दारं कारखान्यातून तयार येतात, कपाटं प्लायवूडची. रंध्याचं काम कमी झालं हे खरं आहे. पण पावसाळ्यात फुगलेलं दार चौकटीत पुन्हा बसवायला, जुनी सागवानी खिडकी दुरुस्त करायला, शिसमचा पाळणा किंवा रेहाल घडवायला हातच लागतो, आणि असं नेमकं काम करणारा माणूस शोधताना आज किती फोन करावे लागतात ते घरातल्या बायकांना विचारा.

हत्यारांच्या खर्चाचंही सांगून ठेवतो. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार आहेत, होडी बांधणारे आहेत, सोनार आहेत, आणि हातोड्या व हत्यारं बनवणारेही आहेत. नोंदणी सीएससी केंद्रातून होते. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. वय १८ पूर्ण हवं, एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, आणि सरकारी नोकरीतल्या माणसाच्या कुटुंबाला मिळत नाही. म्हणजे दहावी झालेल्या मुलाला नाही, पण काम करणाऱ्या वडिलांना किंवा मोठ्या भावाला घेता येतो. योजनेत पाच टक्के व्याजाने कर्जाचीही सोय आहे. ते ऐच्छिक आहे. व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहणाऱ्यांनी प्रशिक्षण आणि हत्यारं घ्यावीत, कर्जाच्या रकान्यात नको म्हणावं. हत्यारांचे पैसे आले की सगळे विजेच्या यंत्रांकडे धावतात. यंत्र जरूर घ्यावं, पण एक चांगला रंधा, धार लावायचा दगड आणि ही हातोडी यांना यादीत जागा ठेवावी.

हातोडी हाती आल्यावर जुन्या रंध्याचं काय करायचं? प्रथम पात्याचं फुललेलं टोक कानशीने घासून मूळ रुंदीवर आणावं. ते काढल्याशिवाय पातं खाचेत सरळ बसतच नाही, आणि लोक दोष खाचेला देतात. पाचरीचं डोकं चिरलं असेल तर पाचर नवी करावी, चिकटवत बसू नये. मग पात्याला धार लावून ते खाचेत ठेवायचं, धार तळाच्या किंचित आत राहील असं, आणि पाचरीला लाकडी तोंडाने एक मऊ ठोका द्यायचा. इथून पुढे घाई नको. पात्यावर पितळी ठोका, नजर, पुन्हा ठोका. रेघ दिसू लागली की पाचरीला अजून एक. पात्याची जागा बदलली की दर वेळी पाचर पुन्हा बसवायची असते, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. धार तिरकी आहे का हे पाहायला आमच्या ओळखीचे एक वृद्ध सुतार वेगळी युक्ती करतात. आइस्क्रीमच्या काडीएवढा लाकडाचा तुकडा घेऊन तो रंध्याच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यावरून ओढायचा, मग उजव्या. दोन्हीकडे निघालेलं सालपट सारखं हवं. त्यांच्याकडे शिकायला येणारा एक मुलगा परवा म्हणाला, "चाचा, आवाज दोन्हीकडचा वेगळा येतो." चाचांनी मान न उचलता सांगितलं, "बेटा, मग डावीकडून एक टिचकी दे. टिचकी म्हटलंय मी, थप्पड नाही."

पाचर जास्त ठोकणं ही अजून एक वाईट सवय. पाचर म्हणजे लाकूड फाडायचंच हत्यार. ती जितकी खोल जाते तितके रंध्याचे गाल बाहेर ढकलले जातात. आमच्या समुद्रकाठच्या हवेत जून लागला की ठोकळा आणि पाचर दोन्ही पाणी पिऊन फुगतात. मे महिन्यात घट्ट बसवून ठेवलेला रंधा ऑगस्टमध्ये काढला तर पाचर हलत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी मोठी हातोडी शोधतं. तडकलेल्या गालाची गोष्ट बहुधा इथेच घडते. काम संपलं की मागून एक ठोका देऊन पाचर ढिली करून ठेवावी. पडणार नाही इतपतच. पात्याला खोबरेल तेलाचा पुसट हात फिरवावा, कारण खारी हवा एका रात्रीत लालसर डाग पाडते. अडकलीच पाचर, तर रंधा दोन दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवावा, चुलीजवळ नाही, आणि मग मागून लाकडी तोंडाने सात-आठ हलके ठोके द्यावेत.

हातोडीची निगा त्यामानाने सोपी आहे. लाकडी गुळीचे तंतू कडेला सुटायला लागले की कानशीने गोल कराव्यात, फारच झिजली तर नवी बसवावी. उन्हाळ्यात दांडा आकसून डोकं हलायला लागलं तर आधी दांड्याची फट घट्ट करावी, मगच काम करावं. पितळ काळपट पडतं, पडू द्यावं. त्याच्या तोंडाला तेल मात्र लावू नये. तेलकट तोंड पात्यावरून घसरतं आणि ठोका बोटावर येतो.